हेडफोनवर सराउंड साउंड: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हर्च्युअल सराउंडवर, म्हणजे साध्या हेडफोनमधून चहूबाजूंनी आवाज येतोय असा भास घडवण्यावर, काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी सांगतो: तयार प्लगइन बाजूला ठेवा आणि नुसत्या डिलेपासून, म्हणजे आवाजाला लावलेल्या उशिरापासून, सुरू करा. बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला जरा उशिरा पोचतो. डोक्याची त्रिज्या ८.७५ सेंटिमीटर धरली तर हा उशीर जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास निघतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेतले तर, जेमतेम ३१ सॅम्पल. एकच मोनो ट्रॅक दोन्ही कानांना द्या आणि त्यातला एक चॅनेल तेवढा मागे सरकवून ऐका. आवाज बाजूला जातो, पण राहतो डोक्यातच. तो बाहेर कसा काढायचा, हाच या कामाचा गाभा.

खालच्या फ्रिक्वेन्सीला वेळेचा फरक आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तीव्रतेचा फरक दिशा सांगतो, ही मांडणी लॉर्ड रेले यांची, १९०७ सालची. पण नेमकं समोर आणि नेमकं मागे, दोन्हीकडे हे फरक जवळपास शून्यच असतात. तिथे बाहेरच्या कानाच्या घड्या कामाला येतात. दिशेप्रमाणे त्या वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये वेगवेगळ्या खाचा पाडतात. हे सगळं एकत्र टिपणाऱ्या फिल्टरच्या जोडीला (दर कानाला एक) एचआरटीएफ, म्हणजे हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन, म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीने १९९४ मध्ये केमार या कानांत मायक्रोफोन बसवलेल्या पुतळ्यावर ७१० दिशांनी घेतलेली मोजमापं मोफत मिळतात. शिकायला तेवढी पुष्कळ झाली.

आता खरी गंमत. मोजमाप ३० आणि ३५ अंशांचं आहे आणि तुम्हाला हवेत ३२.५. दोन्ही इम्पल्स रिस्पॉन्सची (त्या दिशेने आलेला क्षणभराचा टिचका कानात कसा पोचतो, त्याच्या नोंदींची) सरळ सरासरी काढली की एका शिखराच्या जागी शेजारीशेजारी दोन शिखरं येतात, कारण दोघांचे डिले वेगळे. परिणाम कोम्ब फिल्टरचा, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने खाचा पडण्याचा: आवाज पोकळ होतो, आणि स्रोत फिरवला की त्याचा रंग सतत बदलत राहतो. म्हणून डिले आधी वेगळा काढायचा, उरलेल्या भागाला मिनिमम फेज करायचं (म्हणजे त्यात कमीत कमी उशीर ठेवायचा), दोन्हींचं इंटरपोलेशन, म्हणजे मधली किंमत काढणं, स्वतंत्र करायचं आणि शेवटी डिले परत जोडायचा. हे एकदा स्वतःच्या हाताने करून आलेख काढून पाहा. फेज, म्हणजे लहरीची वेळेतली जागा, काय असते ते मला पुस्तकापेक्षा इथे जास्त कळलं.

कोर्सचं म्हणाल तर लिनियर सिस्टिम्स, एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट काढायची पद्धत) आणि पार्टिशन्ड कन्व्होल्यूशन (लांब फिल्टर तुकड्यांनी लावणं) पक्कं हवं. पायथनमध्ये प्रयोग करा, पण रिअल-टाइम कामासाठी सी प्लस प्लसला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. ऑडिओ थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आवाज वेळेत पुरवणाऱ्या भागात, मेमरी मागायची नाही, लॉक लावायचा (दुसऱ्या भागासाठी थांबायचं) नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा.

बरेच नवे लोक आणखी अचूक एचआरटीएफच्या मागे लागतात. माझ्या मते आधी खोलीची सुरुवातीची परावर्तनं (भिंतींवरून आधी परतणारे आवाज) घाला आणि हेड ट्रॅकिंग, म्हणजे मान कुठे वळली ते टिपणं, जोडा. मान वळवली तरी आवाज जागचा हलला नाही, की समोर-मागचा घोळ बराचसा सुटतो आणि आवाज डोक्याबाहेर येऊ लागतो. ट्रॅकिंगचा उशीर मात्र मोजत राहा. आवाज मानेमागून फरफटत आला की भास तिथेच मोडतो.

शेवटी तपासणी. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, त्यामुळे तुम्हाला समोर वाटणारा आवाज दुसऱ्याला डोक्यावर ऐकू येऊ शकतो. पाच-सहा जणांना डोळे मिटून बसवा, आवाज कुठून येतो ते बोटाने दाखवायला सांगा आणि प्रत्येकाचं उत्तर लिहून ठेवा.