सुऱ्यांच्या लाकडी पट्टीसाठी चुंबक कोणते घ्यावेत?

भिंतीवरच्या या पट्टीत लाकडाआड चुंबक दडवलेले असतात आणि सुऱ्या तिला चिकटून राहतात. आधी घरातल्या सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडा आणि एकेका पात्याला फ्रिजवरचा चुंबक लावून पाहा. ताटवाट्यांच्या 304 किंवा 202 जातीच्या स्टीलचं पातं असेल, तर तो जेमतेम धरेल किंवा धरणारच नाही. अशी सुरी पट्टीवर राहायची नाही. साध्या, गंज धरणाऱ्या पोलादाच्या पात्यांची अडचण नसते.

जुन्या स्पीकरचे काळे चुंबक इथे कामाचे नाहीत. लाकडाआडून सुरी धरायला निओडिमियमच (छोटा पण फार ताकदवान, चंदेरी चुंबक) हवा. दुकानदार ताकद किलोत सांगतो, पण तो आकडा जाड लोखंडाला थेट चिकटलेला चुंबक सरळ ओढून काढण्याचा असतो. सुरी तर खाली घसरते, आणि घसरताना अडवणारा जोर त्या आकड्याच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा असतो. त्यात मध्ये लाकूड.

खरी मेख या लाकडाच्या जाडीतच आहे. चुंबक आणि सुरी यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डं एकेक करून सरकवत जा. दोन-तीन कार्डांनंतरच पकड ढिली झालेली हाताला कळते. म्हणून पुढचा थर 1.5 मिमीचा ठेवा, फार तर 2. चुंबकाची प्रत एन 35, एन 42, एन 52 अशी सांगतात, आकडा मोठा तितकी ताकद जास्त. एन 52 चा चुंबक एन 35 पेक्षा साधारण दीडपट ओढतो, पण जाड लाकडाची भरपाई त्याने होत नाही. पातळ पात्यात तर जास्तीची ताकद मावतही नाही. त्यामुळे मोजके दांडगे चुंबक घेण्यापेक्षा 20 मिमी व्यासाचे, 5 मिमी जाडीचे एन 35 किंवा एन 42 जास्त संख्येने घ्या.

450 मिमी लांबीच्या पट्टीला असे 12 लागतात. शेजारच्या दोन चुंबकांच्या केंद्रांत 36 मिमी अंतर, दोन्ही टोकांना 27 मिमी. जड कोयत्यासाठी त्या जागी खाली दुसरी ओळ द्या.

मागून खोल भोक पाडून पुढे 2 मिमी लाकूड राखायला जाऊ नका. फोर्स्टनर बिटचं (सपाट तळाचं भोक पाडणारं ड्रिलचं पातं) मधलं टोक आधी बाहेर येतं आणि दर्शनी बाजू फुटते. 12 मिमी जाडीच्या सागवानी फळीत पुढूनच 5.5 मिमी खोल भोकं करा, प्रत्येकाच्या मध्यातून 3 मिमीचं छिद्र आरपार न्या. हवा आणि जादा गोंद तिथून निघतो, नाहीतर चुंबक वर उचलला जातो. चुंबक बसवून झाले की वरून 1.5 मिमीची सागवानी पट्टी, रेषा फळीच्याच दिशेने ठेवून, चिकटवा. लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या. ओलसर फळी सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये आकसते आणि थर सुटतो.

चुंबक बसवायला ॲराल्डाइट, दोन्ही ट्यूब समान. पांढरा गोंद धातूवर धरत नाही, ग्लू गनचा गोंद शेगडीजवळ मऊ पडतो. चुंबकांना मात्र आपल्या उन्हाळ्याची भीती नाही, साधी निओडिमियम जात 80 अंशांपर्यंत टिकते.

सगळे चुंबक एकावर एक रचा आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा. शेजारशेजारचे उलटसुलट बसवायचे, म्हणजे दोघांवर टेकलेलं पातं घट्ट धरलं जातं. पहिल्या दिवशी एकाआड एक, खूण वर. दुसऱ्या दिवशी उरलेले, खूण खाली. सगळे एकदम बसवले तर ओल्या गोंदातून उडी मारून एकमेकांना चिकटतात. दाबायला लाकडी ठोकळे वापरा, लोखंडी शिकंजा चुंबकच उपसून काढतो. चुंबकाला भोक पाडू नका, त्याचा भुगा पेट घेतो. लहान मुलांपासून तर ते कटाक्षाने लांब ठेवा: पोटात दोन गेले तर आतडं चिमटतं. पेसमेकर असलेल्यांनीही हाताळू नयेत.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. शेंगदाण्याचं तेल घरात हाताशी असतं, पण ते वाळत नाही, तेलकट राहतं आणि सुरी घसरते. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

सुरी लावताना आधी पाठ टेकवा, मग पातं वळवून आडवं करा. काढताना उलट, आधी धार उचला. सरळ ओढली की धार लाकडावर घासते आणि पातळ थर महिन्याभरात खरवडून निघतो.