भयपटाची पहिली दोन मिनिटं: आवाजाच्या या चुका टाळा

हॉरर शॉर्ट फिल्म मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला, माझ्याकडे आली की फाइल उघडण्याआधीच मला माहीत असतं, पहिल्या फ्रेमपासून ड्रोन, म्हणजे एकसुरी खोल घुमारा, असणार. अजून नावं पडद्यावर आली नाहीत, तोच घूंऽऽ सुरू. तयार आवाजांच्या लायब्ररीत 'डार्क अँबियन्स' शोधायचं, टाइमलाइनवर ओढायचं, झालं साउंड डिझाइन! कान या घूंला अर्ध्या मिनिटात सरावतो. मग भूत येतं तेव्हा व्हॉल्यूम वाढवण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

'द एक्झॉर्सिस्ट'ची (१९७३) सुरुवात पुन्हा ऐका. बघू नका, ऐका. उत्तर इराकमधलं उत्खनन, अजान, कुदळींचे घाव, बाजारात लोहारांचे घण. सगळे आवाज भर उन्हातले, रोजचे. मग एका खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालता चालता बंद पडतं. दचकायला होतं ते त्या बंद पडण्यानं, पण त्यासाठी आधी काहीतरी चालू असायला हवं ना! शेवटी कुत्र्यांची झुंज आणि वारा. ध्वनीचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

मध्यंतरी एक पोरगा फिल्म घेऊन आला. कोकणातलं घर, पहाट, आजी विहिरीवर पाणी शेंदतेय. त्याच्या रेकॉर्डिस्टनं सोनं आणलं होतं: कप्पीची करकर, दोराचं घासणं, बादली कड्याला ठक्क आपटते आणि तो ठक्क खालून घुमत वर येतो. यावर पठ्ठ्यानं ड्रोन चढवलेला, वर व्हायोलिनच्या किंचाळ्या. मी दोन्ही म्यूट केले. फक्त कप्पी ठेवली आणि मध्येच तीही थांबवली. आजीचे हात मात्र दोर ओढतच आहेत. तो म्हणाला, "दादा, रिकामं वाटतंय. काहीतरी भरा ना." अरे, रिकामं वाटावं म्हणूनच तर केलं! बराच वाद झाला. फिल्म त्याची, त्यामुळे ड्रोन परत आला. स्क्रीनिंगला नेमक्या त्या शॉटला माझ्या पुढच्या रांगेतले दोघं मोबाइल बघत होते.

माझी सवय सांगतो. पहिला दिवस संगीताचे सगळे ट्रॅक बंद. फक्त लोकेशनचा आवाज लावून बसतो आणि कुठला आवाज कुठे तोडता येईल ते वहीत लिहितो. ज्यांना रात्रीत फिल्म अपलोड करायची असते त्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

संगीत नकोच असं नाही. 'द शायनिंग'मध्ये (१९८०) लख्ख उजेडात डोंगररस्त्यानं एक पिवळी गाडी चाललीय, बाकी काही नाही. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी त्यावर 'डिएस इरे' ही मृत्यूची जुनी लॅटिन धून सिंथेसायझरवर वाजवली. चित्र जे सांगत नाही ते आवाज सांगतो. तुम्ही काळोखावर काळोखी संगीत लावता, म्हणजे चहात साखर घालून वर गूळ.

दुसरी लाडकी चूक: शांतता हवी म्हणून ट्रॅकच म्यूट. थिएटरमध्ये लोकांना वाटतं स्पीकर गेला. शांत खोलीलाही आवाज असतो, तो शूटच्या वेळीच घ्यावा लागतो. फ्रिज-पंखा बंद, सगळे जागच्या जागी गप्प, मिनिटभर रेकॉर्डिंग. पण तेव्हा सगळ्यांना पॅकअपची घाई! मग एडिटवर मलाच विचारतात, "रूम टोन कुठून आणू?"

बाकीच्या किरकोळ. कोकणातल्या घरामागे लांडगा ओरडवू नका. कोल्हेकुई आहे की. रातकिड्यांचा एकच तुकडा लूपवर लावलात तर जोड ऐकू येतो. पहिल्याच मिनिटाला 'धाड्ड' करून घाबरवलंत, तर पुढे प्रेक्षक बोटं कानापाशीच ठेवून बसतो. आणि फिल्म यूट्यूबवर जाणार असेल तर ३०-४० हर्ट्झच्या घुमाऱ्यावर भिस्त ठेवू नका, फोनच्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही.