'पाहणे' नीट खणून बघायचं असेल तर

आधी वही घ्या आणि घरात हा शब्द कुठेकुठे येतो ते दोन दिवस नुसतं लिहून काढा, म्हणजे वाट पाहणे, मुलगी पाहायला जाणे, अंत पाहणे, खाऊन पाहा, शेतीचं सगळं थोरला पाहतो. यात डोळ्याने टक लावून बघणं किती कमी आहे बघा, कुठे तपासणं, कुठे करून बघणं, कुठे सांभाळणं. सातबाऱ्यावरची पीक पाहणी पण यातलीच.

मग मोल्सवर्थची मराठी-इंग्रजी डिक्शनरी उघडा, 1857 ची दुसरी आवृत्ती ऑनलाइन फ्री आहे. सर्च करताना 'पाहणें' असा अनुस्वार टाका, जुनं स्पेलिंग तसंच आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, 'पाहिजे'. जुन्या मराठीत कीजे म्हणजे केलं जातं, तसंच पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, शोधलं जातं, आणि जे शोधलं जातं ते हवं असतं, म्हणून आज आपण चहा पाहिजे म्हणतो! ज्ञानेश्वरी वाचताना '-इजे' वाली क्रियापदं पेन्सिलने मार्क करत जा, हे आपोआप दिसायला लागतं. बघण्याचाच दुसरा शब्द 'न्याहाळणे', तोही शेजारच्या भाषांत शोधा, गुजरातीत निहाळवुं, हिंदीत निहारना.