दिवाणी अपील दाखल करताना या चुका टाळा

दिवाणी दाव्याचा निकाल विरुद्ध गेला की पक्षकार पहिले काही दिवस न्यायाधीशांचे कुठे चुकले याच चर्चेत घालवतात. अपिलाची मुदत मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाऊ लागते. मुदत कायदा, 1963 प्रमाणे हुकूमनाम्याविरुद्ध (म्हणजे निकालानुसार निघणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाविरुद्ध) उच्च न्यायालयात अपील करण्यास 90 दिवस, तर जिल्हा न्यायालयासारख्या अन्य न्यायालयात 30 दिवस मिळतात. निकालाची नक्कल, म्हणजे न्यायालयाने दिलेली प्रमाणित प्रत, हाती आली त्या दिवसापासून मुदत सुरू होते, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. हुकूमनाम्यावर तारीख निकालाचीच असते, मग तो प्रत्यक्षात केव्हाही तयार होवो.

नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ कलम 12 नुसार वगळला जातो, पण नक्कलेचा अर्ज दिल्यानंतरचाच. समजा निकाल 3 जूनला लागला, अर्ज 10 जूनला दिला आणि नक्कल 24 जूनला तयार झाली. 30 दिवस 3 जुलैला संपतात. त्यात 10 ते 24 जून हे 15 दिवस मिळवले की अखेरची तारीख 18 जुलै येते. तीच नक्कल 15 जुलैला नेली, तर 24 जूननंतरचे दिवस पक्षकाराच्याच खात्यावर पडतात. म्हणून प्रमाणित प्रतीवरील शिक्क्यात अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख आधी पाहावी. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते, मात्र या सवलतीच्या भरवशावर आखणी करणे शहाणपणाचे नाही.

मुदत उलटलीच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ‘प्रकृती ठीक नव्हती’ एवढ्या मोघम वाक्यावर भागत नाही. मुदत संपेपर्यंत अपील का झाले नाही आणि त्यानंतर ते दाखल होईपर्यंत काय घडले, हे तारखांसह आणि शक्य तिथे कागदपत्रांसह मांडावे. उशिराची आणखी एक किंमत अनेकांच्या लक्षात येत नाही: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3अ नुसार असा अर्ज असताना अपील ऐकण्याचा निर्णय होईपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही.

स्थगितीबाबतचा गोंधळ वेळेत केलेल्या अपिलांतही दिसतो. अपील दाखल झाले म्हणजे ताबा सुटणार नाही किंवा जप्ती थांबेल, असे समजून पक्षकार निर्धास्त राहतो आणि तिकडे विरुद्ध पक्ष दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून मोकळा होतो. स्थगितीसाठी स्वतंत्र अर्ज लागतो. त्यात स्थगिती न मिळाल्यास होणारे भरीव नुकसान दाखवावे लागते, अर्ज विनाकारण रेंगाळलेला नसावा लागतो आणि तारण देण्याची तयारीही ठेवावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय रक्कम जमा करण्यास किंवा तारण देण्यास सांगू शकते, तेव्हा ती सोय आधीच पाहिलेली बरी. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी, ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्याकडेही पुरेशा कारणासाठी तात्पुरती स्थगिती मागता येते. नक्कल यायला वेळ लागत असेल तेव्हा हा मार्ग फार उपयोगी पडतो.

अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, दाव्याची सगळी कहाणी पुन्हा लिहिण्याचा मोह आवरावा. आक्षेपाचे मुद्दे थोडक्यात, क्रमांक देऊन आणि युक्तिवादाशिवाय मांडणे संहितेला अपेक्षित आहे. ‘निकाल बेकायदेशीर आहे’ या मुद्द्यातून काहीच कळत नाही. कोणता दस्त किंवा कोणाची साक्ष विचारात घेतली नाही, हे नेमके लिहावे. मेमोत नसलेला मुद्दा पुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही.

पक्षकारांच्या सहमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) नुसार अपील चालत नाही. पुनर्विलोकनाचा (त्याच न्यायालयाने निकाल पुन्हा तपासावा असा) अर्ज प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत आपोआप थांबते, असेही नाही. शिवाय पक्षकारांच्या नावांची यादी मूळ दाव्यातून जशीच्या तशी उतरवण्यापूर्वी त्यातील कोणी मयत झाले आहे का, याची चौकशी करावी आणि तसे असल्यास वारसांची नावे व पत्ते वकिलांकडे मेमो लिहायला घेण्याआधीच द्यावेत.