बारा एलईडी पार, एकच रांग: डीएमएक्सची जोडणी

बारा एलईडी पार (रंगमंचाचे दिवे) एका लाइट बोर्डवरून डीएमएक्सने, म्हणजे दिव्यांना बोर्डचे हुकूम पोचवणाऱ्या डिजिटल सिग्नलने, चालवायचे असतील तर बारा केबल आणि एक टर्मिनेटर (रांगेच्या शेवटी लावायचा रेझिस्टर) लागतो. बोर्डपासून पहिल्या पारपर्यंत एक लांब केबल, मग पार ते पार अशा अकरा. दोन पारमध्ये दीड मीटर अंतर असलं तरी केबल तीन मीटरची घ्या. पार तिरका करताना कनेक्टरवर ताण यायला नको.

केबल डीएमएक्सचीच हवी. माइकची केबल त्याच तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरमध्ये बसते, म्हणून घाईत तीच लावली जाते. पण डीएमएक्सच्या सिग्नलला १२० ओमच्या आसपास इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) केबल लागते, माइकची त्याहून बरीच कमी असते. सेकंदाला अडीच लाख बिट तिच्यातून जाताना सिग्नल विस्कटतो. तालमीत पाच मीटरवर चालतं आणि नेमकं प्रयोगात, लांब ओढल्यावर, दगा देतं.

केबल स्वतः सोल्डर करत असाल तर पिन १ ला शील्ड, २ ला डेटा मायनस, ३ ला डेटा प्लस. मग मल्टिमीटरने १-१, २-२, ३-३ तपासा. कुठल्याही दोन पिना आपसात लागता कामा नयेत आणि पिन १ कनेक्टरच्या धातूच्या कवचाला टेकलेली नको. एखाद्या केबलीत २ आणि ३ उलटे झाले, तर तिथून पुढचे सगळे पार बिघडल्यासारखे वागतात.

बारवर (दिवे टांगायच्या नळीवर) केबल पसरताना मेल, म्हणजे पिनांचं, टोक बोर्डकडे ठेवा. बोर्डचं आउट फीमेल (भोकांचं) असतं, पारचं इन मेल. हे चुकलं तर शिडीवर चढून सगळी रांग उलटी करावी लागते. विजेच्या वायरींना समांतर बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पुढच्या आणि मागच्या बारसाठी वाय केबलने फाटा कधीही काढू नका. सिग्नल टोकावरून परत फिरतो, दोन फाट्यांचे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि दिवे लुकलुकतात. फाटा हवाच असेल तर ऑप्टो स्प्लिटर (एकच सिग्नल अनेक आउटना वेगवेगळा देणारी पेटी) लावा. त्याच्या प्रत्येक आउटपासून नवी रांग सुरू होते आणि तिला स्वतःचा टर्मिनेटर लागतो. एका रांगेत ३२ पेक्षा जास्त फिक्श्चर (दिवे) नकोत.

टर्मिनेटर म्हणजे मेल एक्सएलआरमध्ये पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओमचा पाव वॅटचा रेझिस्टर, शेवटच्या पारच्या आउटमध्ये खोचलेला. काही रुपयांची वस्तू, पण ‘आज असं का होतंय’ यातलं बरंचसं तिच्या नसण्यामुळे होतं.

आता पत्ते, म्हणजे प्रत्येक पार ज्या चॅनलपासून बोर्डचं ऐकतो तो क्रमांक. आठ चॅनलच्या मोडमध्ये पहिला पार १, दुसरा ९, तिसरा १७, असे बारावा ८९ वर येतो. पारवर डिप स्विच (पत्ता लावायचे छोटे स्विच) असतील तर ते १, २, ४, ८, १६ असे दुप्पट मोजायचे: पत्ता २५ म्हणजे १६ + ८ + १, म्हणून पहिला, चौथा, पाचवा स्विच चालू. पार ऑटो किंवा साउंड मोडवर राहिला असेल तर बोर्डचं काहीच ऐकत नाही. आधी मेनू बघा.

सातव्यापासून पुढचे बंद असतील तर टर्मिनेटर सहाव्याच्या आउटमध्ये लावून बघा. पहिले सहा नीट चालले, तर सहा ते सातमधली केबल बदला. नवी केबल लावूनही फरक पडला नाही, तर सातव्याचं इन सॉकेट उघडा: आत बहुधा दबलेली पिन किंवा सुटलेलं सोल्डर सापडतं.