भंडारदऱ्याची सायकल परिक्रमा : या चुका टाळा

भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलने फेरी मारायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाण्याकडेचा सपाट रस्ता येतो. पहिली चूक तीच. धरणाजवळच्या शेंडी गावाहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, मग उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी, असा हा फेरा साधारण ५० किलोमीटरचा. आकडा किरकोळ वाटतो. पण एका अंगाला १६४६ मीटरच्या कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड, आणि दोन्हींकडचे ओढे याच पाण्याला येऊन मिळतात. रस्ता ओढ्यापाशी उतरतो, मोरी ओलांडतो आणि लगेच चढायला लागतो. दिवसभर हेच. म्हणून वेळेचा हिशेब हायवेच्या सरासरीवर करू नका. चढ दिसल्याबरोबर गिअर हलका करा. निम्म्या चढावर जोर लावून बदललात तर चेन हमखास उडते.

हलका गिअर पडतच नसेल, चेन मोठ्या चक्रावर चढता चढता खाली घसरत असेल, तर बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते. मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागापाशी, केबल जिथे आत शिरते, तिथला गोल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा वळसा फिरवा आणि पुन्हा पाहा. हे शेंडीतच करून निघावं.

उलटी दिशा

अनेकजण आधी घाटघर गाठतात, कोकणकड्यावर रमतात आणि रतनवाडीचा टप्पा संध्याकाळवर ढकलतात. मला हे पटत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस वारा पश्चिमेकडून, कोकणातून वर येतो. सकाळी तो पडलेला असतो, तेव्हाच रतनवाडीकडे निघावं. अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर आणि शेजारची पुष्करणी सकाळच्या उजेडात, गर्दीआधी निवांत पाहता येते. घाटघरहून परतताना तोच वारा पाठीशी राहतो. घाटघर दुपारी तीनच्या आत सोडा. धुकं उतरलं की समोरची जीप अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पुढचा-मागचा दिवा दिवसाही चालू हवा.

घाटघरला आणखी एक गोंधळ होतो. तिथे दिसणारं पाणी भंडारदऱ्याचं समजून लोक चुकीच्या फाट्याला वळतात. ते पाणी २५० मेगावॉटच्या घाटघर उदंचन (पाणी पंपाने पुन्हा वर चढवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाचं, धरणही वेगळं. प्रवरेवरचं, १९२६ साली पूर्ण झालेलं धरण शेंडीच्या बाजूला आहे. मोबाइलला रेंज फारशी मिळत नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. शंका आली तर गावात विचारा.

चिखल आणि ब्रेक

जुलैत भातलावणी सुरू झाली की चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावर लाल चिखलाचे पट्टे सोडून जातात. पट्टा वळणावर असला तर तिथे ब्रेक दाबू नका. वेग आधीच कमी करा, सायकल सरळ ठेवा आणि पॅडल न मारता पार व्हा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर हा चिखल पॅड आणि रिमच्या मध्ये बसतो, खर्रर्र आवाज येतो, आणि आवाजाकडे दुर्लक्ष केलं तर रिम घासून निघते. ओढ्यावर थांबा, चाक फिरवत बाटलीने पाणी सोडा, पॅडमध्ये रुतलेला खडा काडीने काढा. भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून उताराच्या तोंडाशीच दोन-चार वेळा हलके ब्रेक लावून पाणी पुसून घ्यावं.

पंक्चरसाठी स्वतःच्या मापाची ट्यूब आणि पंप जवळ हवाच. वाटेत कुणाचा पंप मिळाला तरी ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तो बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात असला की काम होतं.

जेवणाचं

हॉटेल सापडेल या भरवशावर राहू नका. रतनवाडीत घरगुती जेवण मिळतं, पण आयत्या वेळी पोहोचून पिठलं-भाकरी मागितली तर चूल पेटण्यापासून सुरुवात असते. आदल्या दिवशी शेंडीतून निरोप द्या, माणसं नक्की सांगा आणि सांगितलं तेवढ्यांनी जेवा. गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेचं पाणी बरोबर असू द्या. पेटके आले की तेच उपयोगी पडतं. रोख पैसेही ठेवा. हा अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क लागतं.

महिना निवडताना सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हाच काळ धरा. जलाशय भरलेला, सुरुवातीला उतारांवर सोनकी फुललेली, रस्ताही सुकत आलेला. मेअखेरीपासून जूनमध्ये काजव्यांसाठी रात्रभर गाड्यांची रीघ लागते, तेव्हा अंधारात सायकल घालूच नका. आणि रेल्वेने इगतपुरीला उतरून त्याच दिवशी परिक्रमाही करायचा बेत आखू नका. भंडारदऱ्यापर्यंतचं अंतरच दमवतं. आदल्या रात्री शेंडीत मुक्काम करा आणि उजाडताच निघा.