पिल्लं काढणं बंद केलेल्या पर्शियन मांजरीला नवं घर देताना

चार-पाच वेतं झाली की पिल्लं काढण्यासाठी ठेवलेल्या बऱ्याच पर्शियन मांजरींसाठी "फुकट द्यायची आहे, फीमेल, ५ वर्षं" असा मेसेज फिरायला लागतो. मी अशा तीन माऊंना घरं शोधून दिलीत, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी ऑपरेशन, मग घर. हा क्रम उलटा करू नका प्लीज. नसबंदी न करता दिलीत तर "आम्ही पिल्लं नाही काढणार हो" म्हणणारेच चार महिन्यांनी बोका शोधतात, आणि त्या बिचारीचं तेच सगळं परत सुरू. शिवाय ऑपरेशन न झालेल्या मांजरीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात, आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. शेवटची पिल्लं दूध सोडून तिचं दूध आटलं की व्हेटकडून तारीख घ्या. पर्शियनचं नाक चपटं, त्यामुळं भूल देताना श्वासाची जास्त काळजी लागते, म्हणून आधी ब्लड टेस्ट करा आणि अशा मांजरींची सवय असलेला डॉक्टर बघा. त्याच फेरीत किडनीची सोनोग्राफी पण करून घ्या, पर्शियनमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार असतो. रिपोर्ट काहीही येवो, नेणाऱ्याला दाखवायचा, लपवायचा नाही.

घर बघताना मी पहिल्यांदा खिडक्या बघते. फ्लॅट असेल तर जाळी हवीच, नुसतं ग्रिल चालत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का तेही विचारते.

सोबत लसीचं बुक, नेहमीचं खाणं, वापरलेलं थोडं लिटर (शी-शूच्या डब्यातली वाळू) आणि तिच्या वासाचं एक फडकं द्या. पिंजऱ्यात राहिलेल्या मांजरीला अख्खं घर एकदम अंगावर येतं, म्हणून सुरुवातीला एकच खोली, त्यात लिटर बॉक्स एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला आणि लपायला एक खोका. ती दोन-तीन दिवस पलंगाखालीच बसेल, ओढून काढू नका, नुसतं खोलीत बसून फोनवर बोललात तरी तिला तुमचा आवाज ओळखीचा होतो. घरात दुसरी मांजर असेल तर आधी बंद दारातून वास, समोरासमोर नंतर. पण खाण्यावर लक्ष ठेवा!! दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर चरबी चढते आणि ते फार गंभीर असतं.

रोज विंचरायचं, डोळ्यांचं पाणी ओल्या कापसानं पुसायचं. केसांच्या गाठी कात्रीनं कापू नका, कातडी पातळ असते, चुकून कापली जाते. ऑपरेशननंतर वजन झटकन वाढतं, तेव्हा खाणं मोजून द्या.

आणि देताना मी एका कागदावर सही घेते, कधीही जमलं नाही तर माऊ परत माझ्याकडंच आणायची, परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही. एक जण सही करायला नको म्हणाला, त्याला दिली नाही.